उलटा खटका

पाणी वर यायला लागलं तेव्हा मी आधी पंपाचा दांडा आणखी जोरात मारला. आता आठवलं की माझं मलाच नवल वाटतं. तीस वर्षं मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करतेय, आणि एखादी गोष्ट अपेक्षेप्रमाणे झाली नाही की हात मागे घ्यायचा, ही तिथली पहिली सवय. पण होडीतल्या त्या कपाटाएवढ्या संडासात, गुडघा दाराला आणि डोकं छताला टेकलेलं असताना, मी नुसती मारत राहिले. चित्रात दाखवल्याप्रमाणे खटका उजवीकडे केला होता. रिकाम्या भांड्याचं चित्र उजवीकडे, भरलेल्याचं डावीकडे, लहान मुलालाही कळावं असं. आणि तरी पाणी वर येत होतं, पिवळसर, त्यात माझं स्वतःचं आणि त्याच्या खालून सुटून आलेलं दुसऱ्या कुणाकुणाचं, तपकिरी, पापुद्र्यांसारखं, वर्षानुवर्षं नळीच्या आत धरून बसलेलं. मग ते काठावरून सावकाश ओघळलं आणि माझ्या मोज्यांत शिरलं. बूट वर धक्क्यावर काढून ठेवायला लावले होते. होडीच्या डेकवर चरे पडतात म्हणे.

वरून माझ्या नवऱ्याचा आवाज येत होता. तो विक्रेत्याला शिडांबद्दल विचारत होता, ज्याला सगळं आधीच माहीत आहे अशा माणसाच्या सुरात. ही होडी आम्ही घेणार होतो. भाड्याने द्यायच्या बारा होड्यांच्या ताफ्यातली ही सातवी. बाराही एकाच साच्यातल्या, एकाच वर्षी आणलेल्या. सात हंगाम त्या आठवड्या-आठवड्याच्या बोलीवर लोकांना देतात, शनिवारी एक मंडळी उतरते, त्याच संध्याकाळी दुसरी चढते, आणि सात हंगाम झाले की ताफा विकून टाकतात. नवरा तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाला होता. पुलांच्या खात्यात आयुष्य गेलं त्याचं, आणि आता त्याला पुलाखालून जायचं होतं, असं तो सगळ्यांना सांगायचा आणि सगळे हसायचे. मी दोन वर्षं आधी नोकरी सोडायची, घर विकायचं आणि इथे, या एवढ्याशा जागेत, दोघांनी राहायचं. घराला गिऱ्हाईक मिळालेलं होतं. घर दोघांच्या नावावर, म्हणून सही दोघांची लागणार होती. वर घडीच्या टेबलावर होडीचे आणि घराचे असे दोन्ही कागद एकाच निळ्या फायलीत ठेवलेले होते, आणि मी दुपारपर्यंत सही करणार, असं आमचं ठरलेलं होतं. म्हणजे त्याने ठरवलं होतं आणि मी नाही म्हटलं नव्हतं. गाडीत येताना तो दोनदा म्हणाला, “मी पण पहिल्यांदाच बघतोय हं. फोटोवर आपला विश्वास नाही.” दोनदा का म्हणतोय, असं मला तेव्हा वाटलं नाही.

सकाळपासून मी गप्प होते. गप्प राहणं मला अवघड जात नाही. लोक त्याला समजूतदारपणा म्हणतात. पुढच्या केबिनमध्ये शिरताच मला वास आला होता. घाणीचा नव्हे, घाणीवर मारलेल्या फुलांच्या फवाऱ्याचा. गाद्यांना नवे पांढरे अभ्रे होते. नवरा वर गेल्यावर मी एका अभ्र्याची चेन उघडून पाहिली. आतला फोम पिवळा पडलेला, त्याच्यावर डागांवर डाग, कडा गर्द आणि मधे फिकट, जशी बशीत वाळलेल्या चहाची वर्तुळं असतात. दोन माणसं कुठे निजतात ते त्या फोमवर सरळ वाचता येत होतं. सात हंगाम, हंगामाचे वीसेक आठवडे, आठवड्याला एक जोडपं. मी गुणाकार केला आणि चेन लावून टाकली. चमच्यांच्या खणाच्या कोपऱ्यात एक कापलेलं नख होतं, जाड, अंगठ्याचं. मोरीच्या जाळीत केस होते, लांब, दोन रंगांचे, एकमेकांत गुंतलेले. विक्रेत्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं असावं, कारण तो म्हणाला, “मॅडम, काळजी नको, सगळं धुऊन घेतलंय.”

धुतलंय. हा शब्द मी पहिल्यांदा आत्याच्या तोंडून ऐकला तेव्हा आठ वर्षांची होते. आतेबहिणीचे कपडे मला यायचे. एकदा एक तपकिरी कोट आला, चांगला, लोकरीचा, मोठ्या बटणांचा. मी खिशात हात घातला तर आत काहीतरी कडक लागलं. रुमाल होता, वाळून पत्र्यासारखा झालेला, आणि माझ्या बोटांच्या उबेने तो हळूहळू मऊ व्हायला लागला. मी किंचाळले नाही. मी हात खिशातच ठेवला, कारण बाहेर काढला तर तो कुठे ठेवायचा हे मला कळेना. आत्या म्हणाली, “अगं वेडे, धुतलाय तो. मी स्वतः धुतलाय.” आईने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात काय होतं ते मला चांगलं कळलं, म्हणून मी तो कोट दोन हिवाळे घातला. खिशात हात न घालता. थंडीत दोन्ही हात अंगापासून लांब ठेवून चालणारी मुलगी कशी दिसत असेल, याचा विचार मी आता करते. तेव्हा बाबा म्हणायचे, आमच्याकडे एक पेंग्विन आहे.

गंमत अशी की कामावर मला किळस येत नाही. नदीचं, गटाराचं, विहिरीत पडून मेलेल्या प्राण्याभोवतीचं पाणी रोज माझ्या हातून जातं. काचेच्या बशीत रात्रभर वाढलेले ठिपके मी मोजते, त्यांना नावं आहेत, त्यांना संख्या आहेत, आणि नाव आणि संख्या असली की घाण ही घाण राहत नाही, ती माहिती होते. माझी मदतनीस नव्या मुलींना सांगते, “मॅडमना मैल्याचं काही वाटत नाही. मॅडमना माणसांचं वाटतं.” मी ऐकलेलं आहे हे तिला माहीत आहे, आणि ती तरी सांगते, आणि मला ती आवडते.

पण आता मी ओल्या मोज्यांत उभी होते आणि बोटांच्या फटीत काहीतरी कोमट सरकत होतं. मी दार उघडलं आणि बाहेर पाहिलं. जिन्याखालचं झाकण उघडून एक म्हातारा माणूस इंजिनात वाकलेला होता. ताफ्याचा मिस्त्री. सगळे त्याला मामा म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं, “मामा, जरा बघता का? इथे सगळं वर आलंय.”

तो हात पुसत आला, आत डोकावला, माझ्या पायांकडे पाहिलं आणि जीभ चावली. “अरेरे. चित्र बघून केलंत ना ताई?”

“मग काय बघून करायचं?”

“ह्या सातचं उलटं आहे. बाकी सगळ्या होड्यांत चित्रात आहे तसंच. फक्त हिचा खटका डावीकडे केला की पाणी बाहेर आणि उजवीकडे केला की आत.” तो गुडघे टेकून बसला. “माझंच पाप आहे ते. पाच वर्षं झाली. शनिवार होता, पंप उघडलेला, आणि वर माणसं सामान घेऊन उभी. घाईत वरचं टोपण फिरवून बसवलं गेलं. म्हटलं, पुढच्या शनिवारी सरळ करू.”

“आणि?”

“आणि पुढच्या शनिवारी पण माणसं सामान घेऊन उभीच होती.” तो स्वतःवरच हसला. “मग काय, होडी ताब्यात देताना तोंडी सांगायचो. सात नंबर, उलटा खटका. लोक हो हो म्हणायचे, पहिल्या दिवशी पाय भिजवून घ्यायचे आणि मग आठवडाभर चुकायचे नाहीत. एकदा हाताला लागलं की सुटत नाही ते. दुसऱ्या वर्षी आलेली माणसं पण बरोबर डावीकडेच करायची, बघा. त्यात पंप म्हातारा. आत घेतो जोरात, बाहेर टाकताना दमतो. माझ्यासारखा.”

मी भिंतीला हात धरला. कारण माझ्या आधी, अर्ध्या तासापूर्वी, नवरा इथे येऊन गेला होता. मी शेजारच्या केबिनमध्ये फोमचे डाग पाहत होते आणि मधल्या पातळ फळीतून मला दांड्याचा आवाज येत होता. मला मोजायची सवय आहे. जिने, गोळ्या, खोकला, सगळं मोजते. अकरा वेळा. सलग, एका लयीत, मधे कुठे थांबणं नाही. मग शेवटची गुळण्या केल्यासारखी घरघर, आणि तो शीळ घालत बाहेर. मी आत गेले तेव्हा भांडं कोरडं होतं आणि फरशी कोरडी होती.

“मामा, आमच्या ह्यांना तुम्ही सांगितलं होतंत का? सकाळी?”

“मी तर आत्ता आलो. मला कोण विचारतंय.”

“आणि वरच्यांनी? विक्रीवाल्यांनी?”

“त्यांना माहीतच नाही. विकणारा माणूस संडासात कशाला शिरेल? तो जिना सुद्धा उतरत नाही, त्याला म्हणे वास सोसत नाही.” मग त्याने माझ्याकडे वर पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओसरलं. म्हाताऱ्या माणसांना लवकर कळतं. “साहेब बाकीच्या कुठल्या होडीवर शिकले असतील,” तो पुटपुटला, आणि लगेच त्यालाही समजलं की बाकीच्या होड्यांचं सरळ आहे. तो स्क्रू काढायला लागला.

मे महिना. गेली कितीतरी वर्षं दर मेमध्ये एक आठवडा तो क्लबातल्या चार मित्रांबरोबर जायचा. चौघांची नावं मला पाठ आहेत, दोघांच्या बायकांनाही मी भेटलेय. कुठे जाता, तर डोंगरात, तंबूत. होड्या वगैरे पुढच्या जन्मी, म्हणायचा, तुला पाणी लागतं ना. मला होडी लागते हे खरं आहे. त्या आठवड्यात मी घरातले पडदे धुवायचे, उशिरा जेवायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. चार वर्षांपूर्वी तो परत आला तेव्हा त्याच्या पिशवीतले सगळे कपडे धुतलेले होते. नुसते धुतलेले नाहीत, घड्या घातलेले, बनियनसुद्धा, बाह्या आत दुमडून, मी कधीच घालत नाही तशा चौकोनी घड्या. “तिथे मशीन होतं,” तो म्हणाला. “म्हटलं तुला कशाला त्रास.” मी ताईला फोन करून सांगितलं. अगं, कपडे धुऊन आणले त्याने, मी म्हटलं, आणि माझ्या आवाजात जो कौतुकाचा तुपकटपणा होता तो आता माझ्या जिभेवर आला, जसाच्या तसा, शिळा. ताई म्हणाली होती, “नवरा असावा तर असा. आमच्याकडे मोजे शोधायला सुद्धा माणूस लागतो.” त्या घड्या मी मोडल्या नाहीत. तशाच कपाटात ठेवल्या. तिने घातलेल्या घड्या. पुढे कितीतरी दिवस मी तशी घडी घालायला शिकत होते, पलंगावर बनियन पसरून.

ती कोण, हे मला जाणून घ्यायचं नव्हतं. आजही नाही. मला बाई दिसत नव्हती, मला फोम दिसत होता. तो डाग घेऊन, त्याच्यावर पांढरा अभ्रा चढवून, तो मला तिथे झोपवणार होता. बारांतली हीच होडी. मी निघताना विचारलं होतं, “बारा आहेत तर सातच का?” आणि तो म्हणाला, “हिची हालत बरी आहे.” मला खोटेपणाचा राग येण्याआधी त्या आळसाची शिसारी आली. माणूस निदान दुसरी होडी घेतो. की त्याला तेच हवं होतं, तीच जागा, तोच वास, तोच खटका, आणि त्यात माणूस बदलला तरी फारसं अडणार नव्हतं? आतेबहिणीचा कोट, मोठ्या बटणांचा, उबदार. फक्त खिशात हात घालायचा नाही.

पण एका निरीक्षणावर निष्कर्ष काढायचा नसतो. हे मी मुलींना शिकवते. कदाचित त्याने आधी उजवीकडे करून पाहिलं असेल. पण मग लय तुटली असती. कदाचित चुकून डावीकडे गेला असेल. अशी कदाचितं मी एकामागून एक उभी करत होते आणि मला जाणवत होतं की मी त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी भीक मागतेय. मामाने टोपण उचललं, अर्धा वळसा फिरवलं, पुन्हा सहा स्क्रू पिळले. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पाच वर्षं लोकांच्या पायांवर जे सांडत होतं त्याला पाच मिनिटं.

“झालं सरळ,” तो म्हणाला. “आता चित्रात आहे तसं. उजवीकडे बाहेर, डावीकडे आत. साहेबांना सांगा तेवढं.” त्याने दांडा मारून भांडं रिकामं केलं, फरशी पुसली, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि झाकण लावून घाईने जिना चढून गेला. हत्यारांची पेटी तशीच विसरला.

सांगा तेवढं. मी भांड्यात बादलीने थोडं पाणी ओतलं, काठाच्या जरा खालपर्यंत. मग जिन्याशी जाऊन हाक मारली. स्वतःचा आवाज मला ऐकू आला. अगदी रोजचा होता. उंदराला पिंजऱ्यात सोडताना कुणी त्याला सांगत नाही की दार कुठे आहे.

तो खाली आला, वाऱ्याने गाल लाल झालेले, बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता इतका खूश. “काय गं?”

“मला हे जमत नाहीये. पाणी जातच नाही. तू मघाशी गेलास तेव्हा नीट चाललं होतं ना?”

“एकदम.”

“कसं केलंस?”

“अगं चित्रं आहेत ना समोर. चित्र बघायचं आणि तसं करायचं. विज्ञानवाली ना तू?” तो हसला. “सरक, मी दाखवतो.”

मी सरकले. तेवढ्या जागेत सरकायला जागा नव्हती, त्याची पाठ माझ्या अंगावर घासून गेली आणि मला त्याच्या शर्टाचा वास आला, आमच्या घरातल्या साबणाचा. इतक्या वर्षांत मला त्या वासाने कधी काही झालं नव्हतं. मी श्वास धरून ठेवला. तो वाकला. त्याने चित्रांकडे पाहिलं नाही. एक हात भिंतीवरच्या कडीला गेला, ती कुठे आहे हे न शोधता, आणि दुसऱ्या हाताने, अंगठ्याच्या एका फटक्याने, त्याने खटका डावीकडे केला.

तो दांडा मारायला लागला. लय तीच होती. मी मोजत होते. चारपर्यंत पाणी हललं, पाचव्याला चढलं, सहाव्याला काठाशी आलं. तो थांबला नाही. त्याच्या हाताला खात्री होती. आठव्याला पाणी काठावरून उतरलं आणि त्याच्या पांढऱ्या मोज्यांवर पसरलं, आधी अंगठ्यांवर, मग टाचांपर्यंत, आणि तो म्हणाला, “असं कसं? हिचा तर उलटा...”

दांडा वरच राहिला. पाणी थोडा वेळ ठिबकत होतं. तो खटक्याकडे पाहत होता, मग पहिल्यांदाच त्याने ती दोन चित्रं पाहिली, नीट, एक आणि मग दुसरं. माझ्याकडे पाहिलं नाही.

“मामांनी आत्ता सरळ केला,” मी म्हटलं. “तू वर होतास तेव्हा.”

त्याच्या मानेवर मागे एक शीर आहे, ती उडताना मी पाहिली. पुलांच्या खात्यातला माणूस. भार कुठे टाकायचा ते शोधत असावा. शेवटी, वळल्याशिवाय, तो हळूच म्हणाला, “तुला कुणी सांगितलं?”

म्हणजे सांगण्यासारखं होतं. मला वाटलं होतं की या क्षणी काहीतरी तुटेल, निदान आवाज होईल. तसं काही झालं नाही. फक्त किळस होती, सगळीकडे सारखी पसरलेली, त्याच्या ओल्या मोज्यांची आणि माझ्या ओल्या मोज्यांची, कारण दोघांच्याही मोज्यांत तेच पाणी होतं, आणि त्याच्यातलं मी ओतलेलं किती आणि आधीचं किती, हे आता कुठल्याही तपासणीने वेगळं करता आलं नसतं. मी त्याला खाली बोलावलं होतं. मी बादली ओतली होती. मी पलीकडच्या बाकावर बसून माझे मोजे सोलून काढले, मोरीत टाकले, आणि अनवाणी जिना चढले.

बाहेर ऊन होतं. धक्क्यावर मी ओले पाय तसेच बुटांत घातले. आतलं चामडं बोटांना चिकटलं. विक्रेता निळी फाईल छातीशी धरून उभा होता. त्याने पेन पुढे केलं, टोपण काढून.

“सही होणार नाही,” मी म्हटलं. “दोन्हींवर नाही.”

“काय झालं मॅडम? काही राहिलंय का आत?” तो खरोखर काळजीत होता. “काही घाण राहिली असेल तर सांगा. पुन्हा धुऊन देतो.”

मी पेनाचं टोपण त्याच्या हातातून घेतलं, पेनाला लावलं आणि पेन त्याच्या खिशात ठेवलं. तेवढ्यात खालून दांड्याचा आवाज यायला लागला. नवरा भांडं रिकामं करत होता. एक, दोन, मग थांबला. तीन. पुन्हा थांबला. बराच वेळ काही नाही, मग खटका इकडून तिकडे केल्याचा आवाज, मग चार, पाच, अडखळत, चुकत, चित्र बघून करणाऱ्या माणसासारखे.